देवाची मूठ

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं मला पहिली गोष्ट शिकवली ती वरण नाही, भाकरी नाही. तांदूळ पातेल्यात ओतायच्या आधी एक मूठ काढायची, ती देवाची. वेगळ्या डब्यात टाकायची, "प्रभू, तुझं तुला" एवढं म्हणायचं आणि मग पाणी चढवायचं. रविवारी डबा देवळात न्यायचा. आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. सगळ्या घरांच्या मुठी तिथं एका पोत्यात जमतात आणि मंडळीतल्या, म्हणजे देवळाच्या माणसांतल्या, ज्या घरी चूल थंड असेल तिथं जातात.

माझा हात मोठा आहे. लग्नात बांगड्या भरताना कासारानं तोंड वाकडं केलं होतं, की एवढ्या मापाच्या आणल्याच नाहीत. तेव्हा या हाताची मूठ म्हणजे दुसऱ्या बाईची दीड मूठ. ती मी कधी आखडली नाही. आमचे हे हैदराबादेत नामपल्ली स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर होते तेव्हा नाही, ते गेल्यावर नाही, माझा पोरगा अरविंद लहान होता तेव्हाही नाही.

म्हणून तर मराठी भगिनी मंडळात मुठीचा कारभार माझ्याकडे आला. मंडळ दर गुरुवारी दुपारी भरतं. गीत, प्रार्थना, चहा, आणि मग पोतं कोणाच्या घरी जायचं ते ठरतं. ठरवतं मंडळ, पण ऐकतात माझं. कोणी म्हणालं, "केसरबाई, पुढच्या गुरुवारी जमणार नाही, पाहुणे आहेत," तर मी म्हणायची, "पाहुण्यांना घेऊन या. देवाला पाहुणे चालतात." कोणी म्हणालं, "सासऱ्यांचं पथ्याचं करायचं असतं," तर मी विचारायची, "तुमचा एकटीचाच सासरा जेवतो का?" घर आणि देव, दोन्ही सांभाळता येत नसेल त्या बाईनं पदर खोचूच नये, असं माझं म्हणणं. तोंडावर सांगायची.

आणि एक नियमही मीच घातला होता. ज्या घरी तांदूळ जातील त्या घरच्या बाईनं येत्या रविवारी, आभाराच्या वेळी, मंडळीपुढं उभं राहायचं आणि काय मिळालं ते सांगून देवाचे आभार मानायचे. एका घरानं तांदूळ घेतले आणि वर गावभर सांगितलं, मंडळी आम्हाला विचारत नाही. मग म्हटलं, घेता ना, मग सांगा. पहिली उभी राहिली ती गंगू. नवरा गेलेला, दवाखान्यात आयाचं काम, अफझलगंजच्या मागं एक खोली. तोंडावर पदर ओढून काहीतरी पुटपुटली. मी माझ्या जागेवरून म्हटलं, "मोठ्यानं बोल गं, मागं ऐकू जात नाही." तिनं मोठ्यानं सांगितलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग दिल्लीत सरकारनं म्हणे सगळा बाजार खुला केला, आणि आमच्याकडं अरविंदचा कारखाना बंद झाला. बाळानगरकडचा, सरकारी. माणसांना हातात काहीतरी देऊन घरी बसवलं. थोडे दिवस तो टीव्हीपुढं बसून राहिला. केबल आलेली, चॅनलं पुष्कळ, हा नुसता बटन दाबत जायचा. आता गळ्यात टाय बांधून घरोघर पाणी साफ करायची मशिनं विकतो. लोक मशिनातलं ग्लासभर पाणी पितात, छान आहे म्हणतात आणि दार लावून घेतात.

रेणू, माझी सून, दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासात लागली. शिकवायला नाही. आत गेल्यागेल्या टेबल असतं, तिथं बसून येणाऱ्या पोरांना कुठला कोर्स, कुठली बॅच ते सांगायचं. सकाळी निघायची ती दिवेलागणीनंतर परतायची. जाताना अफझलगंजला बस बदलायची, येताना तिथंच. मी सुनेच्या हाती दिलेलं स्वयंपाकघर परत घेतलं आणि मंडळात सांगितलं, "बघा, या वयात परत चूल धरली, पण एक गुरुवार बुडवला नाही." बायका माना डोलवायच्या. मला ते बरं वाटायचं.

घरात काय चाललं होतं ते सांगते. पूर्वी दोन्ही वेळा भात व्हायचा, म्हणून दोन वेळा मूठ निघायची. आता गॅस पुरवायचा म्हणून सकाळी एकदाच शिजवायचा. एकदाच शिजतं म्हणून देवाची एक मूठ बुडवायची का? मी एका वेळी दोन मुठी काढायला लागले. रविवारी डबा पूर्वीसारखाच काठोकाठ जायला हवा होता. कोणी डब्यात डोकावून म्हणायला नको, की केसरबाईंचं उतरलं. पातेलं तेवढं लहान घेतलं.

रेणू सकाळी चहा घेऊन निघायची. कालची पोळी उरली असली तर ती. मी डब्याचं विचारलं होतं एकदा. म्हणाली, "राहू द्या आई, तिथं मिळतं काहीतरी." मी समजले, समोसे मिळत असतील. पंख्याखाली बसून खुर्चीवरची नोकरी, तिथं काय कमी? अरविंद उन्हातान्हात फिरतो, म्हणून आधी त्याचं ताट. तळाला उरेल ते रेणूचं, झाकून ठेवलेलं. कधीकधी ती आल्यावर म्हणायची, "भूक नाही." मी म्हणायची, "कशी असेल? बाहेरचं चटकदार खाल्ल्यावर घरचं कुठं गोड लागतं." ती पाणी प्यायची आणि भांडी घासायला बसायची.

त्या गुरुवारी आमच्या गल्लीत नळाला दुपारी पाणी आलं. एक दिवसाआड येतं, आणि येतं तेव्हा त्याच्या मर्जीनं. पिंपं भरेपर्यंत मंडळाची वेळ टळली. जन्मात पहिल्यांदा गुरुवार बुडाला. मी रात्री देवाजवळ माफी मागितली आणि विषय संपला असं समजले.

शनिवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. त्रिवेणीबाई उतरल्या, मागून गंगू, आणि गंगूच्या काखोटीला पोतं. त्रिवेणीबाई म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. अवघड बोलायचं असलं की आधी चष्मा पुसतात. त्या दिवशी उंबऱ्यातच पुसायला लागल्या.

"या, या," मी म्हटलं. "बसा. गुरुवारचं काय ठरलं ते सांगायला आलात ना?"

"तुम्ही नव्हता," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"नळ आला होता. नळ काय प्रार्थनेची वेळ बघून येतो? सांगा, कोणाकडं न्यायचंय हे?"

त्या गंगूकडं बघायला लागल्या. गंगू म्हणाली, "हितंच."

"हो, ठेव तिथंच, भिंतीला लाव. पण पुढं कोणाकडं?"

"हितंच, बाई," गंगू म्हणाली. "पुढं न्हाई कुठं."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा कानशिलं तापली. मी म्हटलं, "माझ्या घरी? माझ्या घरी भात शिजतो. रोज शिजतो. आजही शिजलाय." आणि त्यांना हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. रागाच्या भरात उचललं. अरविंद जेवून गेला होता. तळाला जेवढा होता तेवढा होता. आम्ही तिघी पातेल्यात वाकून बघत राहिलो. त्रिवेणीबाईंनी मान वर केली तेव्हा माझ्याकडं नाही, खिडकीकडं बघितलं.

"हा रेणूचा आहे," मी म्हटलं. "ती कमीच खाते."

"कमी न्हाई खात," गंगू म्हणाली. "माझ्याकडं ताटभर खाते."

"तुझ्याकडं?"

"अफझलगंजला बस बदलती ना ती. तवा येते. रोज न्हाई, पोटात राहवलं न्हाई की येते."

"माझ्या सुनेनं तुझ्या दारात जेवण मागितलं?"

"मागितलं न्हाई. पाणी मागितलं. पाणी कोण उपाशी पोटी पितंय ते कळतं की, बाई. मी म्हटलं बस, ती बसली. मला म्हणाली, आईंना सांगू नका. गुरुवारी मंडळात मीच सांगितलं, तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको."

मी काही बोलायचं म्हणून बोलले, "तुला तरी कुठं पुरतंय?"

"मंडळाचे मिळतात की मला. त्यातलाच भात असतोय."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. टोचायचा तिचा स्वभावच नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी रोज सकाळी दोन मुठी काढत होते, त्या रविवारी देवळात जात होत्या, तिथून गंगूच्या घरी, आणि माझी सून त्या खायला अफझलगंजला उतरत होती. मधल्या मध्ये देवाला केसरबाईचा डबा काठोकाठ दिसत होता.

"घेऊन जा हे," मी म्हटलं.

त्रिवेणीबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "देवाचं दिलेलं परत घेत नाही आपण. किशनराव पोतं परत करायला लागले तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं. मी होते तुमच्याबरोबर."

मी त्यांना चहाही विचारला नाही. एवढ्या वर्षांत माझ्या घरून कोणी चहा न घेता गेलेलं नाही.

रेणू आली तेव्हा अरविंद जेवायला बसला होता. तिनं चपला काढल्या, भिंतीशी पोतं बघितलं आणि तिथंच उभी राहिली. ओळखलं तिनं.

"तू सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. गंगूमावशींनी सांगितलं असेल. मी नक्को म्हटलं होतं त्यांना."

"घरात भात असताना लोकांच्या दारात बसून जेवतेस?"

"कुठं होता भात, आई?"

"झाकून ठेवत नव्हते मी?"

"ठेवत होता की. चिमणीपुरता."

"मग मागायचा होता. एवढी नोकरी करतेस, तिथं बोलताना तोंड चालतं ना?"

तिनं पर्स खुंटीला लावली आणि सावकाश म्हणाली, "मागितला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, सांगू? देवाच्या मुठीवर हिचा डोळा आहे, असं म्हणाला असता. आणि गुरुवारी मंडळात माझ्यासाठी प्रार्थना करायला लावली असती."

मी अगदी तेच म्हटलं असतं. त्याच शब्दांत. सुनेला माझं तोंड माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

अरविंदचा हात ताटात थांबला होता. तो म्हणाला, "मला वाटायचं तू क्लासातच जेवतेस."

"हौ, तुला वाटायचं," रेणू म्हणाली. "बरं असतं तसं वाटणं."

त्यानं ताट तिच्याकडं सरकवलं. तिनं ते परत त्याच्याकडं सरकवलं आणि मोरीत हातपाय धुवायला गेली. मी पोत्याकडं बघत होते. उद्या रविवार. पोतं घरात आलं होतं, तेव्हा या घरातल्या बाईनं उद्या मंडळीपुढं उभं राहायचं होतं. मी न म्हणताच रेणूनं मोरीतून उत्तर दिलं, "उद्या मी राहते उभी. घरची बाई लागते ना? मी आहेच की."

"तू कशाला?"

"मग तुम्ही राहणार?"

मी उठून पोत्याचं तोंड परत आवळलं. तिनं तेवढ्यावरून काय समजायचं ते समजलं.

आमची उपासना दुपारी असते, सकाळी देऊळ तेलुगूवाल्यांकडं. सकाळभर मी डोकं दुखतंय का ते बघत होते. दुखत नव्हतं. नेमकी त्या दिवशी अंगात काही कसर नव्हती. मनात शंभर वाटा काढल्या. पाळकसाहेबांना निरोप पाठवावा, की या वेळी आभार राहू द्या. त्रिवेणीबाईंना सांगावं, की नियम गरिबांसाठी होता. हे दुसरं मनात आलं तेव्हा मला माझीच किळस आली, तरी ते आलं खरं. शेवटी पांढरी साडी नेसले आणि निघाले. न जाण्यासाठीही हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती.

बायकांच्या बाजूला माझी जागा पुढून दुसऱ्या बाकावर. रेणू माझ्या शेजारी बसली. गंगू मागं कुठंतरी. गीतं झाली, पाठ झाला, मग पाळकसाहेब म्हणाले, "कोणाला आभार मानायचे असतील त्यांनी मानावेत." पाळकसाहेब तरुण, नवीनच आलेले. एकनाथराव उभे राहिले, त्यांचा मुलगा कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला निघाला होता. त्यांनी विमानाच्या तिकिटापासून सगळं सांगितलं. मग कोणाची तरी मुलगी पास झालेली. मग कोणी उठेना. पाळकसाहेब थांबले. त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. कोणी आमच्याकडं बघत नव्हतं, आणि एवढी माणसं एकदम एका बाईकडं बघायचं टाळतात तेव्हा ते पाठीला कळतं.

रेणू उठली.

"आमच्या घरी मंडळानं तांदूळ दिले," ती म्हणाली. तिचं मराठी तसं हैदराबादचंच, पण त्या दिवशी नीट जुळवून बोलत होती. "देवाचे आभार मानते. अरविंदचं काम सध्या थोडं कमी आहे, म्हणून. पण तशी काही तकलीफ नाही. सगळ्यांना पोटभर मिळतं. आमच्या आई आधी मला वाढतात, मग स्वतः घेतात."

ती मला झाकत होती. मी तिला तळाचं ठेवलं आणि ती तिथं, देवापुढं, मला झाकत होती. आणि मी काय केलं? मला रडू यायला हवं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "खोटं बोलू नको देवळात."

माझा आवाज लहान नाही. पेटीवाला चमकून बघायला लागला.

"बस खाली," मी म्हटलं. मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही, पण मी उभी होते. "कोण वाढतं तुला आधी? मी एका वेळी दोन मुठी काढते, पोराला वाढते, आणि हिला तळाचं ठेवते. भूक लागली की ही गंगूच्या घरी जेवते. खरं ते हे आहे. आता माना, कोणाचे आभार मानायचेत ते."

हे शेवटचं मी कोणाला म्हटलं, पाळकांना की मंडळीला की देवाला, मला अजून कळलेलं नाही. भांडायच्याच आवाजात म्हटलं, कारण माझ्याजवळ दुसरा आवाज नव्हता. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, आपण गीत गाऊ. कितवं ते सांगायला विसरले. पेटीवाल्यानं त्याला येत होतं ते सुरू केलं. मी बसले. रेणू आधीच बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं नाही, काही नाही, समोर बघत होती. तिचा कान लाल झाला होता.

उपासना संपल्यावर दारात सगळे एकमेकांना सलाम करतात, हात मिळवतात. मलाही केला. हात नुसते टेकवले आणि काढून घेतले. त्रिवेणीबाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात." मला तेवढं ऐकून किंचित उभारी आली. वाटलं, लाज गेली तर गेली, पण खरं बोलले. मनात लगेच त्याचीही फुशारकी तयार व्हायला लागली होती, खोटं कशाला सांगू.

रस्त्यात रेणू पुढं चालत होती. अरविंद मध्ये, मी मागं. स्टेशनच्या भिंतीपाशी ती थांबली.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला बोलायला?"

"देवळात खोटं चालत नाही," मी म्हटलं.

"खोटं माझं होतं ना? माझ्या नावावर राहिलं असतं. मी बघितलं असतं देवाचं आणि माझं."

"मी तुझ्याच बाजूनं बोलले, रेणू."

"माझ्या बाजूनं? आपल्या मंडळीतल्या दोन पोरी माझ्या क्लासात शिकतात. त्या मागच्या बाकावर होत्या. उद्या त्या टेबलापुढून जातील तेव्हा मला काय समजून बघतील? उपाशी सून. दुसऱ्याच्या दारात जेवणारी." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही खरं बोलून मोकळ्या झाल्या, आई. उभं मला केलंत, सगळ्यांसमोर. गंगूमावशींना केलं होतं तसं."

अरविंद म्हणाला, "रेणू, रस्ता आहे."

"हौ, रस्ता आहे. देवळापेक्षा इथं माणसं कमी आहेत."

मी सगळ्यांना उत्तर देत आले. सासूला दिलं, नणंदांना दिलं, रेल्वेच्या साहेबाला दिलं. त्या भिंतीपाशी मी खाली बघत पुढं चालायला लागले.

सोमवारी मी लवकर उठले. मोठं पातेलं काढलं, पोत्यातले तांदूळ घेतले, निवडले. बारीक, जाड, कणी, सगळं एकत्र. कुठल्या कुठल्या बायकांच्या मुठी. भात झाला तशी डबा भरला, वर आंबट वरण, तळलेली मिरची. रेणू तयार होऊन आली, डब्याकडं बघितलं आणि चहा पिऊन निघून गेली. मंगळवारी तेच. मी म्हटलं, "डबा राहिला." म्हणाली, "राहू द्या." बुधवारी मी डबा तिच्या पर्सजवळ ठेवला. तिनं पर्स उचलली, डबा तिथंच. तो डबा रात्री मीच खाल्ला. टाकायचा कसा?

गुरुवारी ती गेली. दुपारी मी साडी बदलली, डबा पिशवीत घातला आणि बसस्टॉपवर गेले. मंडळाची वेळ होत आली होती. तिकडं जायला मला तोंड नव्हतं, हेही खरं. पण निव्वळ तेवढंच असतं तर मी घरी बसून राहिले असते. अफझलगंजला उतरून दुसऱ्या बसमध्ये चढताना गंगूची गल्ली कुठली असेल ते बघायचा प्रयत्न केला. मी तिच्या घरी कधी गेलेच नव्हते. तिच्याकडचं पोतं नेहमी दुसऱ्या कोणाच्या हातून पाठवलं.

दिलसुखनगरला उतरले तर भिंत दिसेना इतक्या पाट्या. हा क्लास, तो क्लास. विचारत विचारत गेले. काचेचं दार, बाहेर वॉचमन.

"किसकू मिलना अम्मा?"

"बहू को," मी म्हटलं.

"यहाँ बहुआं नहीं, स्टूडेंटां आते," तो म्हणाला, पण दार उघडलं.

आतून गार हवा आली. रेणू खांद्यात फोन धरून इंग्रजीत बोलत होती, मध्येच तेलुगूत, हातानं एका पोराला खुर्ची दाखवत होती. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पिशवी, पांढरी साडी, पायात रबरी चपला. माझीच मला तिथं अडगळ वाटली. तिनं फोन ठेवला, शेजारच्या पोरीला काहीतरी सांगितलं आणि मला बाहेर जिन्यावर घेऊन आली.

"इथं कशाला आलात? आज गुरुवार आहे."

"माहीत आहे मला कोणता वार आहे."

"मंडळ?"

"चाललं असेल. माझ्यावाचून काही अडत नाही." हे म्हणायला मला किती जड गेलं ते तिला कळलं की नाही कोण जाणे. "जेव. मी खाली जाऊन उभी राहते, तुला नको असेल तर."

तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली. मग पायरीवर बसली, डबा मांडीवर घेतला, दाराकडं पाठ केली आणि जेवायला लागली. भरभर जेवत होती. ती अशी भरभर जेवते ते मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी तिला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. मी दोन पायऱ्या खाली बसले. या वेळी मंडळात प्रार्थना चालते. मीही डोळे मिटले, पण शब्द जुळेनात. नेहमीचे, पाठ असलेले, तेही येईनात. कानाला डब्याचा आवाज येत होता, तेवढा ऐकत बसले.

"मूठ काढलीत आज?" रेणूनं विचारलं.

"रोजच्या मापातून आधी तुझ्या डब्याचे तांदूळ घेतले, मग अरविंदचे. जेवढे राहिले तेवढे देवाच्या डब्यात टाकले. मूठ भरली नाही."

डबा रिकामा करून ती जिन्याच्या वळणावरच्या नळाशी विसळायला गेली. तेवढ्यात तिच्या टेबलाशेजारची ती पोरगी दार उघडून बाहेर आली. तेलुगू असावी, केसांत मोगरा.

"आंटी, आप रेणू की मदर?"

"सास," मी म्हटलं.

"सास?" ती हसली. "इतनी दूर से खाना लेके आए? मेरी सास तो पानी भी नहीं पूछती. रेणू बहोत लकी है."

खरं काय ते माझ्या जिभेच्या टोकाशी आलं. मी रेणूकडं बघितलं. तिनं नळ बंद केला होता आणि डबा हातात धरून, पाठमोरी, तशीच थांबली होती.

मी खाली बघितलं, पदर सावरला आणि त्या पोरीला म्हटलं, "हौ."